स्काउट रायफल

स्काउट रायफल हा बोल्ट-ॲक्शन रायफलींचा एक वर्ग आहे. एकट्या माणसाला दिवसभर वागवता येईल इतकी हलकी, झाडाझुडपांत किंवा वाहनात अडणार नाही इतकी आखूड, आणि तरीही मध्यम व मोठ्या जनावरांच्या शिकारीपासून स्वसंरक्षणापर्यंतच्या बहुतेक कामांना पुरेल इतकी समर्थ रायफल, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. अमेरिकन नेमबाजी-शिक्षक व लेखक जेफ कूपर यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ही संकल्पना निश्चित स्वरूपात मांडली. वजन सुमारे ३ किलोग्रॅम, लांबी जास्तीत जास्त १ मीटर, .३०८ विंचेस्टर जातीचे काडतूस, नळीवर पुढे सरकवून बसवलेली कमी शक्तीची दुर्बीण आणि झटपट बाहूत अडकवता येणारा पट्टा ही तिची प्रमुख लक्षणे मानली जातात.

पुढे बसवलेली दुर्बीण दुरूनही डोळ्यांत भरते. त्यामुळे कालांतराने अशी दुर्बीण असलेल्या कोणत्याही रायफलीला ‘स्काउट’ म्हणण्याचा प्रघात पडला. कूपर यांच्या विचारात मात्र दुर्बिणीची जागा हा एक उपाय होता, साध्य नव्हते. साध्य होते ते हलकेपणा, सुटसुटीतपणा आणि चपळ नेम. कमी खर्चात अशी रायफल निवडताना हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. तो ध्यानात न घेतल्यास स्वस्त रायफलीवर महागडी सामग्री चढवून अखेर एक जड, बोजड हत्यार हाती येते, आणि अशी उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

नाव आणि पार्श्वभूमी

सैन्यातील स्काउट म्हणजे मुख्य तुकडीच्या पुढे जाऊन टेहळणी करणारा हेर-सैनिक. तो एकटा किंवा एकदोन सोबत्यांसह फिरतो, लढाई टाळतो, आणि प्रसंग पडलाच तर एकाच अचूक गोळीवर भिस्त ठेवून तेथून निघून जातो. गोळ्यांचा वर्षाव करणे हे त्याचे काम नव्हे. अशा माणसाच्या हाती कोणती रायफल असावी, या प्रश्नातून कूपर यांनी आपली संकल्पना बांधली आणि तिला त्याचेच नाव दिले.

जॉन डीन ऊर्फ जेफ कूपर यांचा जन्म १९२०चा. ते अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये अधिकारी होते आणि लेफ्टनंट कर्नल या पदापर्यंत पोहोचले. १९७६ साली त्यांनी ॲरिझोना राज्यातील पॉल्डन येथे नेमबाजीची शाळा काढली. ती पुढे ‘गनसाइट’ या नावाने प्रसिद्ध झाली. पिस्तूल चालवण्याच्या आधुनिक पद्धतीचे प्रवर्तक म्हणून त्यांची ख्याती अधिक असली, तरी रायफल हाच त्यांच्या आवडीचा विषय होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्ट ऑफ द रायफल’ या पुस्तकात त्यांचे त्याविषयीचे विचार एकत्र वाचावयास मिळतात.

या संकल्पनेचे बीज एका साध्या कारखानी रायफलीत सापडते. रेमिंग्टन कंपनीने १९६४ साली ‘मॉडेल ६००’ नावाची साडेअठरा इंची नळीची आखूड रायफल बाजारात आणली. दिसायला ती काहीशी बेढब होती आणि तिचे उत्पादन चारच वर्षे चालले, परंतु.३०८च्या पूर्ण ताकदीचे काडतूस इतक्या लहान रायफलीतून उडवता येते, ही गोष्ट कूपर यांच्या मनात घर करून राहिली. दुसरी प्रेरणा विंचेस्टरच्या जुन्या लिव्हर-ॲक्शन कार्बाइनची. घोडेस्वारांची व गुराख्यांची ही हलकी बंदूक हातात कशी सहज खेळते, हे अमेरिकेत सर्वांनाच ठाऊक होते. तिची सहजता आणि बोल्ट-ॲक्शनची ताकद व अचूकता यांचा मेळ घालणे हा कूपर यांचा हेतू होता.

१९८३ आणि १९८४ साली गनसाइट येथे बंदूकसाज, लेखक व नेमबाज यांच्या परिषदा भरल्या आणि तेथील चर्चांतून निकष पक्के करण्यात आले. त्यानंतर कूपर यांनी स्वतः अनेक नमुने बनवून घेतले व वर्षानुवर्षे वापरून पाहिले.

दुर्बीण पुढे बसवण्याची युक्ती मात्र सर्वस्वी नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या काही माउझर रायफलींवर ‘झेडएफ ४१’ ही दीडपट शक्तीची छोटी दुर्बीण बॅकसाइटच्या जागेजवळ, डोळ्यापासून दूर बसवलेली असे. सैनिक तिच्यावर फारसे खूश नव्हते. कल्पना एक, पण काळानुरूप काचा व जोडणी सुधारल्यावर तिचे फळ निराळे, असा हा प्रकार आहे.

निकष

कूपर यांच्या निकषांत वजन पहिल्या स्थानी येते. दुर्बीण व पट्टा यांसह, पण काडतुसांवाचून, रायफल ३ किलोची असावी, ३.५ किलो ही वरची मर्यादा. हा आकडा रिकाम्या रायफलीचा नसून सर्व साजासह आहे, ही गोष्ट जाहिरातींत हमखास गाळली जाते. लांबी १ मीटरहून अधिक नसावी. नळी साधारण १९ इंचांची, म्हणजे ४८ सेंटीमीटरच्या आसपास.

काडतूस .३०८ विंचेस्टर. ते १९५२ साली बाजारात आले आणि त्याचेच लष्करी रूप असलेले ७.६२ × ५१ मिमी काडतूस १९५४ साली नाटो राष्ट्रांनी प्रमाण म्हणून स्वीकारले. ते जगात जवळजवळ कोठेही मिळते, आखूड नळीतूनही त्याचा वेग फारसा घटत नाही, आणि त्याची लांबी कमी असल्याने रायफलीचा बोल्टही आखूड ठेवता येतो. नागरिकांना लष्करी काडतुसे वापरण्यास जेथे बंदी आहे अशा देशांसाठी कूपर यांनी ७ मिमी-०८ रेमिंग्टन, आणि धक्का सोसत नाही अशांसाठी .२४३ विंचेस्टर हे पर्याय सुचवले. दोन्ही काडतुसे .३०८च्याच पितळी कवचापासून निघालेली असल्याने रायफलीची रचना बदलावी लागत नाही.

अचूकतेची अपेक्षा माफक आहे. २०० यार्डांवर तीन गोळ्या ४ इंचांच्या, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटरच्या वर्तुळात पडाव्यात. नेमबाजीच्या भाषेत ही २ कोनीय मिनिटे झाली. आजची साधीशी कारखानी रायफलसुद्धा बरे काडतूस दिल्यास ही कसोटी सहज उतरते. म्हणून अचूकतेच्या नावाखाली जाड, जड नळी घेण्याचे या वर्गात प्रयोजन नाही.

याखेरीज सुमारे दीड किलो दाबावर स्वच्छ सुटणारा चाप, नेहमीपेक्षा थोडा आखूड कुंदा, आणि दुर्बीण निकामी झाल्यास उपयोगी पडावी म्हणून माशी व छिद्राची बॅकसाइट असावी, असे कूपर यांचे म्हणणे होते. या बॅकसाइटला ‘घोस्ट रिंग’ म्हणतात. तिचे छिद्र मोठे आणि कडा पातळ असते. डोळा पुढच्या माशीवर खिळला की कडा धूसर होऊन जणू अदृश्य होते, म्हणून हे नाव.

हलक्या रायफलीची किंमत खांद्याला मोजावी लागते. एकाच काडतुसाने रायफलीला मिळणारा संवेग जवळपास ठरलेला असतो, त्यामुळे धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ४ किलोच्या जागी ३ किलोची रायफल घेतली, तर तीच गोळी झाडताना धक्का सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. जाड रबरी टेकू आणि अंगाला बेताचा बसणारा कुंदा यांनी तो सुसह्य होतो, नाहीसा होत नाही.

दुर्बीण: पुढे की मागे

नेहमीची दुर्बीण रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागावर बसते आणि डोळ्यापासून ८ ते १० सेंटीमीटरवर असते. स्काउट दुर्बीण नळीच्या मागील भागावर बसते आणि डोळ्यापासून २३ ते ३० सेंटीमीटर दूर राहते. तिची शक्ती दोन ते तीनपट इतकीच असते. याचे लाभ असे, की रायफल तोलाच्या ठिकाणी, म्हणजे मॅगझीनजवळ, एका मुठीत धरता येते. वरचा भाग मोकळा राहिल्याने काडतुसे वरून भरता येतात. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे पाहत असताना दुर्बिणीतील रेघा आपोआप त्यावर येऊन बसतात. हलत्या लक्ष्यावर झटपट गोळी झाडण्यासाठी कूपर यांना ही पद्धत सर्वांत वेगवान वाटली.

तोटेही तितकेच खरे आहेत. सूर्य पाठीशी आणि क्षितिजालगत असला, की त्याचा प्रकाश मागच्या काचेवर पडून दृश्य फिकट होते. दृश्यक्षेत्र अरुंद दिसते. पहाटे व तिन्हीसांजेला, म्हणजे नेमक्या शिकारीच्या वेळी, साधी दुर्बीण अधिक स्पष्ट दाखवते. कूपर यांच्या काळी एकपट शक्तीपासून सुरू होणाऱ्या, कमीजास्त करता येणाऱ्या दुर्बिणी आजच्याइतक्या चांगल्या व सहज उपलब्ध नव्हत्या. आता एक ते चारपट शक्तीची दुर्बीण रिसीव्हरवर बसवून दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, आणि मॅगझीन खालून बदलण्याचे असेल तर वरचा भाग मोकळा ठेवण्याचे कारणही उरत नाही. त्यामुळे अनेक अनुभवी नेमबाज आज पुढच्या दुर्बिणीचा आग्रह धरत नाहीत. मर्यादित पैशांत रायफल सजवणाऱ्यास हा बदल लाभाचा आहे: साध्या दुर्बिणींचा बाजार मोठा असल्याने त्याच किमतीत त्यांची काच बहुधा अधिक चांगली मिळते.

दुर्बिणीपेक्षाही दगा देते ती तिची बैठक. स्वस्त बैठकीचे स्क्रू धक्क्याने सैल होतात, नेम रोज सरकतो आणि दोष रायफलीला लागतो. बैठकीत काटकसर करू नये, हा या विषयातील जुन्या लोकांचा एकमताचा सल्ला आहे.

पट्टा

स्काउट रायफलीच्या साजातील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पट्टा. कूपर यांच्या दृष्टीने तो रायफल खांद्याला अडकवण्याचे साधन नव्हता; नेम स्थिर करण्याचे साधन होता. पट्ट्याचा फास दंडाभोवती ताणला, की डावा हात आणि रायफल यांचा एक घट्ट त्रिकोण तयार होतो व माशीची थरथर कमी होते. आपल्याकडे एन.सी.सी.मध्ये नेमबाजी केलेल्यांना हा प्रकार अनोळखी नाही. अडचण वेळेची होती. जुन्या लष्करी पट्ट्याचा फास चढवण्यास बराच अवधी लागे. एरिक चिंग यांनी तयार केलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘चिंग पट्ट्या’त मॅगझीनच्या पुढे एक तिसरी कडी असते. तिच्यापासून पुढच्या कडीपर्यंत कायमचा फास तयार राहतो. दंड आत सारला की काम झाले. उभ्याने किंवा बसून नेम धरताना याचा जो उपयोग होतो तो कोणत्याही दुर्बिणीने होत नाही, आणि एक जादा कडी व चामड्याचा तुकडा एवढाच त्याचा खर्च.

कारखानी नमुने

कूपर यांच्या देखरेखीखाली तयार झालेली पहिली संपूर्ण कारखानी रायफल म्हणजे ऑस्ट्रियातील श्टायर मानलिखर कंपनीची ‘श्टायर स्काउट’. ती १९९८ साली बाजारात आली. कृत्रिम पदार्थाचा कुंदा, त्यातच दडलेले दुपायी टेकण, कुंद्याच्या मागील बाजूस जादा मॅगझीन ठेवण्याची सोय, दुमडून ठेवता येणारी माशी, पुढे बसवलेली अडीचपट शक्तीची दुर्बीण, आणि हे सर्व सुमारे ३ किलोत! रचनेच्या दृष्टीने ती आजही या वर्गातील मानदंड समजली जाते. तिची किंमत मात्र अडीच हजार डॉलरांच्या घरात होती. सर्वसामान्य माणसाच्या सर्वसामान्य कामांची रायफल म्हणून कल्पिलेली वस्तू त्याच्याच आवाक्याबाहेर गेली, आणि स्वस्त स्काउटचा शोध खऱ्या अर्थाने येथून सुरू झाला.

सॅव्हेज कंपनीने त्याच सुमारास आपल्या साध्या रायफलीला पुढची बैठक व छिद्राची बॅकसाइट जोडून एक स्वस्त स्काउट काढली. २०११ साली रुगर कंपनीने गनसाइट शाळेच्या सहकार्याने ‘गनसाइट स्काउट’ आणली. तिची छापील किंमत हजार डॉलरांना थोडी कमी होती. साडेसोळा इंची नळी, थरांच्या लाकडाचा कुंदा, दहा काडतुसांचे सुटे मॅगझीन आणि कारखान्यातूनच बसवून आलेली माशी व घोस्ट रिंग हा तिचा साज. दुर्बिणीवाचून ती ३.२ किलोच्या आसपास भरते, म्हणजे दुर्बीण चढताच वरच्या मर्यादेला टेकते. तरीही या वर्गाला लोकप्रियता मिळवून दिली ती तिनेच. मॉसबर्गची ‘एमव्हीपी स्काउट’ त्यानंतर आली.

लष्करी जुन्या रायफलींपासून स्काउट

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर काही वर्षे अमेरिकेत युद्धकालीन जुन्या रायफली अतिशय स्वस्त मिळत. त्यामुळे त्यांना स्काउटचे रूप देण्याची एक लाटच आली. रशियन मोसिन-नागान आणि माउझर जातीच्या रायफलींची बॅकसाइट काढून तिच्या जागी बसणाऱ्या बैठका बाजारात आल्या. याचे आकर्षण उघड होते. या रायफलींचा बोल्टचा दांडा वर उचलला की रिसीव्हरवरील दुर्बिणीस अडतो. तो वाकवून घेणे खर्चाचे काम. दुर्बीण पुढे बसवली की हा प्रश्नच मिटतो, ना भोके पाडावी लागतात ना बंदूकसाज गाठावा लागतो.

परंतु येथेच मूळ संकल्पना निसटली. मोसिन-नागान ९१/३० ही १.२३ मीटर लांब आणि सुमारे ४ किलोची पायदळी रायफल. तिच्यावर दुर्बीण चढवल्याने तिचे स्काउटमध्ये रूपांतर होत नाही, ती फक्त आणखी जड होते. त्यातल्या त्यात १.०२ मीटर लांबीची आणि साडेतीन किलोच्या आतली मोसिन एम ३८ कार्बाइन जवळ येते. स्वीडनची ६.५ × ५५ मिमी काडतुसाची एम/९४ कार्बाइन तर ९५ सेंटीमीटर लांब व सुमारे ३.३ किलोची आहे, आणि तिची अचूकताही नावाजलेली आहे.

स्पेनची एफआर-८ ही या यादीतील लक्षवेधी रायफल. जुन्या माउझरला आखूड नळी व ७.६२ मिमीचे कोठार देऊन स्पॅनिश सैन्याने ती तयार केली. एफआर-८ माउझर ९८ प्रकारच्या भक्कम रिसीव्हरवर बांधलेली आहे. तिची जुळी भासणारी एफआर-७ मात्र त्याआधीच्या, कमी मजबूत रिसीव्हरवर. दिसायला दोन्ही सारख्या, पण पूर्ण दाबाच्या .३०८ काडतुसांसाठी दुसरी टाळावी असे जाणकार बजावतात. स्वस्त खरेदीत नावातील एका आकड्याचा फरकही महागात पडू शकतो, तो असा.

ब्रिटिशांची ली-एनफिल्ड नं. ५, जिला ‘जंगल कार्बाइन’ म्हणतात, ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पूर्वेकडील जंगलांतील लढाईसाठी तयार झाली. लांबी १ मीटर, वजन ३.२ किलो: कूपर यांच्या चार दशके आधीच हे आकडे तेथे हजर आहेत. तिचा धक्का जबर, आणि नेम सरकत राहतो ही तक्रार जुनी.

इछापूर २ए आणि २ए१ या भारतीय रायफलींचाही येथे उल्लेख करावा लागतो. १९६२च्या चीन युद्धानंतर पश्चिम बंगालमधील इछापूरच्या रायफल कारखान्याने जुन्या थ्री-नॉट-थ्रीची रचना ७.६२ × ५१ मिमी काडतुसासाठी बदलली. अधिक दाब सोसण्यासाठी पोलाद अधिक चांगले वापरले गेले आणि मॅगझीन बारा काडतुसांचे, चौकोनी झाले. निवृत्त झालेल्या या रायफली पुढे अमेरिकेत गेल्या. नाटोचे काडतूस, झटपट चालणारा बोल्ट आणि मोठे मॅगझीन यांमुळे तेथील हौशी लोकांनी त्यांच्या नळ्या कापून स्काउट बनवल्या. काही व्यापाऱ्यांनी त्यांच्या आखूड कार्बाइन तयार करून विकल्या. मुळात १.१३ मीटर लांब व चार किलोंहून पुष्कळ जड असलेली ही रायफल नळी व लाकूड कमी करूनही तीन किलोंवर येत नाही, पण वापरण्यास भरवशाची ठरली.

जुनी रायफल घेताना पाहावयाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. नळीच्या तोंडाशी आतील आटे झिजलेले नसावेत. बोल्ट बंद असताना काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा मापाने तपासून घ्यावी. ती वाढलेली असेल तर कवच फाटून गरम वायू मागे येऊ शकतो, आणि तपासणीचा खर्च डोळ्याच्या मोलापुढे काहीच नाही. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार साचतो, तो हवेतील ओलावा ओढून घेतो आणि एका रात्रीत गंज धरू शकतो. तेलाने हा क्षार निघत नाही. तो पाण्यातच विरघळतो. म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडे फडके, आणि नंतर तेल, हा क्रम पाळावा लागतो.

नळी कापताना कायद्याचेही भान ठेवावे लागते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीस वेगळी नोंदणी लागते. आणि मूळ स्थितीतील रायफल एकदा कापली, की संग्राहकांच्या लेखी तिचे मोल संपते. आता तर हा मार्ग स्वस्तही राहिलेला नाही: जुने साठे आटले, किमती चढल्या, आणि रशियन बनावटीच्या काडतुसांच्या आयातीवर २०२१ साली अमेरिकेने निर्बंध घातल्यानंतर मोसिनचे स्वस्त खाद्यही दुर्मीळ झाले.

नवी स्वस्त रायफल

सध्या मर्यादित खर्चात कूपर यांच्या आकड्यांजवळ पोहोचण्याचा सरळ मार्ग नव्या साध्या शिकारी रायफलींतून जातो. २०१२ साली आलेली रुगर अमेरिकन (तेव्हाची छापील किंमत ४४९ डॉलर), सॅव्हेज ॲक्सिस आणि मॉसबर्ग पॅट्रियट या त्यांतील परिचित रायफली. रुगर अमेरिकनचा आखूड नमुना १८ इंची नळीचा, सुमारे २.७ किलोचा आणि १ मीटरच्या आतला आहे. लहान दुर्बीण, बैठक आणि पट्टा यांचे मिळून ४०० ते ५०० ग्रॅम धरले, तरी एकूण वजन सव्वातीन किलोंच्या आत राहते. दहापट प्रसिद्धी मिळालेल्या अनेक ‘स्काउट’ रायफली या तराजूत तिच्यापुढे हरतात.

तिच्यात उणे काय? मूळ नमुन्यात माशी व बॅकसाइट नसते, आणि ती बसवून घेणे म्हणजे बंदूकसाजाची मजुरी आली. पोकळ प्लॅस्टिकचा कुंदा दिसायला हलक्या प्रतीचा, आणि पट्टा जोरात ताणला की पुढून वाकून नळीला टेकू शकतो. तसे झाल्यास गोळी जागा सोडते. पट्ट्याचा खरा उपयोग करू इच्छिणाऱ्याने ही चाचणी आधी करून पाहावी. चाप मात्र पूर्वीच्या स्वस्त रायफलींपेक्षा पुष्कळ सुधारलेला आहे.

खर्चाची वाटणी कशी करावी यावर मतभेद असले, तरी एक क्रम सर्वसाधारणपणे मान्य आहे. प्रथम आखूड व हलकी, पण निर्दोष रायफल, मग पक्की बैठक व साधी, स्वच्छ काचेची दुर्बीण, मग पट्टा, आणि उरलेला सर्व पैसा काडतुसांवर. दुपायी टेकण, नळीच्या तोंडावरील धक्का कमी करणारे जोड, कुंद्यावरील काडतुसांचे पट्टे, बॅटरी या वस्तू एकेक करून चढत जातात आणि प्रत्येकीचे वजन किरकोळ वाटते. सर्व चढवून झाल्यावर रायफल घरच्या वजनकाट्यावर ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

भारतातील स्थिती

भारतात स्काउट रायफल मूळ स्वरूपात नागरिकांना जवळपास अप्राप्य आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार लष्करी काडतुसांच्या बोअरची शस्त्रे ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडतात, ७.६२ × ५१ मिमी हे भारतीय सैन्याच्या एस.एल.आर. रायफलीचे काडतूस असल्याने .३०८ची रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू झाल्यापासून शिकार हा उपयोगही कायद्याने संपला आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांसारख्या प्राण्यांबाबत अधिकृत परवानगीने होणारी कारवाई तेवढी अपवाद.

सामान्य परवान्यावर मिळणारी परिचित बोल्ट-ॲक्शन रायफल म्हणजे इछापूरची .३१५ बोअरची. ब्रिटिश राजवटीत थ्री-नॉट-थ्री हे सैन्याचे काडतूस असल्यामुळे नागरिकांना वर्ज्य होते. म्हणून ली-एनफिल्डची रचना कायम ठेवून तिला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे ८ × ५० मिमी मानलिखर काडतूस देण्यात आले, आणि स्वातंत्र्यानंतरही तोच परिपाठ चालू राहिला. लष्करी काडतुसास मनाई असलेल्या देशांकरिता कूपर यांनी सुचवलेली तोड भारतात अशी कितीतरी आधी निघाली होती. हे काडतूस झाडणाऱ्या मूळ मानलिखर रायफली ज्या श्टायर गावात घडत, त्याच गावाचे नाव पुढे कूपर यांच्या रायफलीला मिळाले.